सायकलींच्या खोलीतला नाला

आमच्या घरात ही गोष्ट मीच सांगते, कारण बाकीचे ती चुकीची सांगतात. नवरा सांगायला बसला की ती तीन वाक्यांत संपते आणि त्यातलं एक वाक्य सुताच्या जातीबद्दल असतं. धाकटी जाऊ सांगते तेव्हा मी साहेबांच्या अंगावर बादली ओतलेली असते. मी बादली ओतली नव्हती. ओतली असती तर लपवली नसती, एवढं तरी मला सगळे ओळखतात.

नव्वद सालाच्या आगेमागची दिवाळी. लग्न होऊन नाशिकहून सिल्वासाला आले त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. नवरा खडोलीकडच्या एका कारखान्यात, सूत रंगवायच्या खात्यात शिफ्ट इंजिनियर. कारखान्याच्या मागे कंपनीची वसाहत. दुमजली इमारती, प्रत्येक इमारतीखाली सायकली ठेवायची एक खोली, आणि कुंपणापलीकडे नाला. वसाहतीतली मंडळी मुंबई, पुणे, नाशिकची, थोडी खानदेशची. सगळ्यांचं म्हणणं एकच, ‘इथे काय, दोन वर्षं काढायची आणि निघायचं.’ दोनाची सहा झाली, मुलं शाळेत जायला लागली, लोणच्याच्या बरण्या वाढल्या, पण सिल्वासात आम्ही गाडी बदलायला उतरलेल्या माणसांसारखे राहायचो. ‘कुठले तुम्ही?’ विचारलं की जो तो पुण्यातली पेठ सांगायचा.

त्यामुळे दिवाळीत आमच्याकडे सिंहगड फार व्हायचे. प्रत्येक इमारतीपुढे एक. दगडविटा रचायच्या, वर गोणपाट, त्यावर चिखल, त्यावर हळीव पेरून हिरवळ. मावळे पुण्याहून आणलेले, खोक्यात पेंढा घालून जपलेले. सगळ्यात वर सिंहासन आणि सिंहासनावर महाराज. महाराष्ट्र मंडळाचे सचिव म्हणजे स्टोअरमधले एक अधिकारी. ते तर गडाच्या पायथ्याची माती पत्र्याच्या डब्यातून आणायचे. इथल्या मातीला चिकटपणा नाही, असं त्यांचं मत होतं. इथल्या मातीत भात उभा राहायचा, नागली उभी राहायची, सागाचं जंगल उभं होतं, फक्त सिंहगड तेवढा उभा राहत नव्हता म्हणे.

माझे किल्ले मात्र कुठल्याच मातीत उभे राहिले नाहीत. पहिल्या वर्षीचा बसलेल्या म्हशीसारखा झाला. दुसऱ्या वर्षी बुरूज लक्ष्मीपूजनाच्या आत खाली आला आणि त्याखाली चार मावळे गेले. समोरच्या ताई धुळ्याकडच्या, जिभेला हाड नसलेल्या. त्या म्हणाल्या, “वहिनी, तुमच्या गडाला शत्रू लागतच नाही. तो आपोआप पडी राहिला.”

त्या वर्षी नवरात्रात आम्ही दोघी सुपं-टोपल्या आणायला बसने खानवेलला गेलो होतो. येताना मला खिडकी मिळाली. बाहेर सागाचा डोंगर, मधून नदी, पुन्हा डोंगर. बघता बघता माझ्या लक्षात आलं की हा रस्ता मला तोंडपाठ आहे. कुठल्या वळणावर चिंच, कुठे नदी दोनदा दिसते, कुठे बस दम खाते, सगळं. सिंहगडावर मी आयुष्यात एकदा गेले होते, शाळेच्या सहलीबरोबर, आणि पायथ्याशीच मला उलटी झाली होती. म्हणजे जो डोंगर मी ओकण्याच्या निमित्ताने पाहिला तो मी दर दिवाळीला बांधत होते, आणि जो रोज उशाशी होता त्याची एक टेकडीसुद्धा केली नव्हती.

“ताई, यंदा मी किल्ला करणार नाही,” मी म्हटलं. “इथलंच काहीतरी करणार.”

“इथलं म्हणजे काय? मातीचा कारखाना बांधशाल का?”

“इथलं म्हणजे हेच. डोंगर, नदी, शेतं. आणि बाहेरून बघायचं नाही, आत जाऊन चालायचं.”

ताई म्हणाल्या, “म्हणजे यंदा पडेल तर माणसांच्या अंगावर पडेल.”

पण दुसऱ्या दिवशी पदर खोचून त्याच पहिल्यांदा आल्या. आम्ही सायकली बाहेर काढल्या आणि खोली ताब्यात घेतली. तिला दोन दारं, मागचं कुंपणाकडे आणि पुढचं जिन्याकडे. मागून आत यायचं, पुढून बाहेर पडायचं, आणि चपला काढूनच, असं ठरवलं. सामानाला तोटा नव्हता. सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे कोन कारखान्यातून गोण्यांनी बाहेर पडायचे. ते एकावर एक रचून त्यांचे डोंगर केले, वर गोणपाट, वर माती. खराब झालेलं सूत, ज्याला सगळे वेस्ट म्हणत, ते वसाहतीत घरोघरी भांडी घासायला आणि फरशी पुसायला यायचं. त्यातलं हिरवं आणि तपकिरी निवडून छताला बांधलं, वेलींसारखं तोंडावर येईल एवढं लांब. जमिनीवर आधी सागाची वाळकी पानं, पुढे नदीकाठची वाळू, पुढे ओली माती आणि भाताचा पेंढा. खिडकीला घोंगडी, कोपऱ्यात हिरव्या जिलेटीन कागदामागे बल्ब. पानांवर पाय पडला की असा आवाज व्हायचा की मीच दोनदा दचकून मागे पाहिलं.

माती खानवेलहूनच आणली. परतताना कंडक्टरने गोणीकडे बघून विचारलं, “बेन, आमां शुं छे?” मी म्हटलं, “डोंगर.” त्याने गोणीवर बूट टेकवून पाहिला आणि डोंगराचंही तिकीट फाडलं.

जंगलाचा आवाज हवा म्हणून टेपरेकॉर्डर घेऊन पुन्हा एकदा तिकडे गेले आणि नदीकाठी बसून रातकिडे आणि पाणी टेप केलं. कोरी कॅसेट नव्हती, म्हणून नणंदेच्या हळदीची होती तिच्यावरच केलं. ते नीट पुसलं गेलं नाही. त्यामुळे आमच्या जंगलात रातकिडे ओरडत, पाणी वाहत, आणि मध्येच माझ्या सासूबाई स्पष्ट विचारत, “चहा झाला का गं सगळ्यांचा?” मी दुरुस्त करायला गेले तर रातकिडेच गेले असते, म्हणून राहू दिलं.

आता माझी एक भाची मुंबईत चित्रकला शिकवते. ती म्हणते, मावशी, याला इन्स्टॉलेशन म्हणतात, लोक परदेशात जाऊन शिकतात. असेल. आमच्या इमारतीत त्याला पसारा म्हणत, आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी तर ‘सायकली कधी आत जाणार?’ एवढंच म्हणत.

सचिव पाहणीला आले तेव्हा काम निम्मं झालं होतं. ते पानांवरून जपून चालत गेले, वेली बाजूला सारल्या, सासूबाईंचा प्रश्न ऐकून क्षणभर थबकले. मग म्हणाले, “छान आहे हो वहिनी. पण महाराज कुठे बसणार?”

“बसणार नाहीत. हा गड नाहीच.”

“मग स्पर्धेत कसा घ्यायचा? आणि इथे पुढे काय येणार?” त्यांनी पुढच्या दाराच्या आतल्या, रिकाम्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

“नाला,” मी म्हटलं.

इथे नाल्याबद्दल सांगितलं पाहिजे. वसाहतीत तो सगळ्यांना माहीत होता आणि कोणी त्याचं नाव काढत नसे. कारखान्यात ज्या रंगाचा लॉट चालू असेल त्या रंगाचा नाला. मुलं शाळेतून येताना सांगत, आज केशरी, आज जांभळा. नवऱ्याची शिफ्ट कशी चालली आहे ते मला तो घरी यायच्या आधी कळायचं. नाला वसाहतीला वळसा घालून शेतांच्या कडेने जायचा. पलीकडच्या पाड्यावरच्या बायकांनी तिथे धुणं धुवायचं कधीच सोडलं होतं. आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवात मात्र, आपली वसाहत किती हिरवी आहे, एवढंच बोललं जायचं. मी डोंगरापासून निघून नदी, शेत करत दारापर्यंत आले होते. आता दाराशी येऊन नाला गाळायचा तर सगळंच खोटं झालं असतं. मग आपला तो म्हशीसारखा सिंहगड काय वाईट होता?

सचिव खाली बसले. आवाज हळू केला. “वहिनी, लक्ष्मीपूजनाला मोठे साहेब स्वतः किल्ले बघायला येणार आहेत. तुमच्या ह्यांचं नाव सायली गावच्या नव्या युनिटसाठी चाललं आहे, खात्याचे प्रमुख म्हणून. तुम्हाला ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

“मग नाला निळा करा. पाणी निळंच असतं. चित्रात सगळे निळंच करतात.”

“आपला निळा कधी असतो? एकदा जीन्सच्या कापडाचं सूत होतं तेव्हा.”

“आणि महाराजांचं काय? महाराजांशिवाय किल्ला ही काही मराठी माणसाला शोभणारी गोष्ट आहे?”

तेवढ्यात ताई दारात येऊन उभ्या राहिल्या, हात मातीने भरलेले. त्या म्हणाल्या, “भाऊ, महाराजांना त्या पाण्याच्या काठी तुम्ही बसवशाल का? माझा तर हात धजणार नाही.”

सचिवांनी चपला घातल्या. जाताना एवढंच म्हणाले की नाला राहिला तर ते जबाबदार नाहीत. मी म्हटलं, जबाबदार मीच आहे, खोलीही माझ्याच नावावर सांगा.

हे दारात बोलायला सोपं होतं. घरात तसं नव्हतं. सायलीला प्रमुखाची जागा म्हणजे पगार, मोठं घर आणि मुख्य म्हणजे शिफ्ट संपणार होती. नवरा दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी करून दिवसा झोपायचा आणि आम्ही घरात चोरांसारखे पाय न वाजवता वावरायचो. त्याला ती जागा हवी होती. त्याने कधी तोंडाने सांगितलं नव्हतं. पण सायलीचं नाव निघालं की तो चष्मा काढून पुसायला लागायचा, आणि चष्मा पुसणं ही त्याची आनंदाची परमावधी.

जेवताना मी त्याला सचिवांचं सगळं सांगितलं. तो भात कालवत राहिला.

“तू काय म्हणालीस?”

“नाला राहणार म्हणाले. पण तुम्ही नको म्हणालात तर...”  खरं सांगायचं तर त्याने नको म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. बहुतेक भांडले असते आणि मग नाला केला असता.

“कशाचा करणार आहेस?”

“लाल चिंध्या आहेत. जुनी साडी.”

“चिंध्यांचा नाला चिंध्यांसारखा दिसेल,” तो म्हणाला आणि ताक मागितलं. विषय संपला, असं मला वाटलं.

धनत्रयोदशीला दुपारी तो शिफ्टवरून आला तो कॅरियरला ओली गोणी बांधून. गोणीत लाल सूत होतं, गर्द, कुंकवासारखं, भिजलेलं. मशीनमध्ये गुंता होऊन बाद झालेला लॉट, म्हणाला. त्यानेच ते दाराच्या आतल्या पट्ट्यात पसरलं, खाली प्लास्टिकचा कागद घातला, कडेला मातीचे काठ केले आणि वरून बादलीभर पाणी सोडलं. मग उठून उभा राहिला. “आता बरोबर आहे. मंगळवारी असाच होता,” म्हणाला. एवढं मोठं भाषण त्याने लग्नातसुद्धा केलं नव्हतं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी साहेब आले, बरोबर त्यांचं कुटुंब, दोन-तीन पाहुणे, सचिव आणि मागे जवळजवळ सगळी वसाहत. सगळे नव्या कपड्यांत. आमच्या मागच्या दारापाशी रेशमी साड्या आणि कडक इस्त्रीचे लेंगे चपला काढत होते. साहेब मुंबईचे, उंच, बोलायला चांगले. पानांवर पाय पडला तसे हसले. “वा. हे खानवेलच्या रस्त्यासारखं वाटतं.” सासूबाईंनी चहाचं विचारलं, तेव्हा त्यांच्या पत्नीने अंधारातच “हो, झाला” असं उत्तर दिलं आणि सगळे हसले. नदीच्या वाळूत त्या मुद्दाम थांबल्या. पेंढ्यापाशी कोणीतरी म्हणालं, वास अगदी शेताचा येतो हो.

मग सगळे नाल्याशी आले. बाहेर पडायला तो ओलांडायलाच हवा होता. पट्टा रुंद, उडी मारायला वर छत ठेंगणं. हिरव्या उजेडात तो काळा दिसत होता, त्यामुळे साहेबांना वाटलं चिखल असेल. त्यांनी लेंगा वर धरला आणि पाय टाकला. सचिव, पाहुणे, बायका, त्यांच्यामागे रांगच. जिन्यात ट्यूबलाइट होती. तिथे पोचल्यावर साहेबांच्या पत्नीने खाली पाहिलं.

पावलं लाल झाली होती. नुसती भिजलेली नाही, घोट्यापर्यंत रंगलेली. पांढऱ्या फरशीवर एकामागून एक लाल पावलं उमटत होती, बोटं न् बोटं मोजता यावीत अशी. आणि माणसं थांबत नव्हती, मागून येतच होती, आणि आलेली तशीच अनवाणी आपापल्या जिन्यांकडे निघत होती, कारण घरी पूजेची वेळ झाली होती. अंगणातल्या रांगोळ्यांवरून, पायऱ्यांवरून, उंबरठ्यांपर्यंत. लक्ष्मीची पावलं आम्ही बायकांनी सकाळीच दारोदारी काढली होती, कुंकवाची, चिमुकली, नाजूक. त्यांच्या शेजारून ही मोठाली पावलं घरात जात होती.

वरच्या वहिनी म्हणाल्या, “अगोबाई, हे जाईल ना?”

माझा नवरा म्हणाला, “लवकर नाही जाणार.”

साहेब त्याच्याकडे वळले. “सूत तुमच्या खात्यातलं?”

“हो.”

“धुतलेलं नाही हे. रंग चढवून तसंच आणलंय.”

“हो. धुतलं की जो रंग सुटतो तो नाल्यात जातो. याचा अजून जायचा होता.”

“तुम्हाला हे माहीत होतं?”

“रंगाचं मला नाही तर कोणाला माहीत असणार, साहेब?”

मला खरोखर माहीत नव्हतं. मला आपला हुबेहूब दिसणारा नाला हवा होता. वाहणारा नाला त्याने आणला होता, आणि ताक पिताना ठरवून आणला होता, हे मला त्या क्षणी, सगळ्यांबरोबर कळलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता.

साहेबांचा आवाज चढला नाही. ते मला म्हणाले, “वहिनी, कल्पना चांगली आहे. पण हे आजच्या आज काढून टाका. आणि ह्या पायऱ्या सकाळपर्यंत स्वच्छ झाल्या पाहिजेत.”

माझेही पाय लाल होते. मी ते पुढे करून दारातल्या पायरीवर बसले. मी म्हटलं, “किल्ला भाऊबीजेपर्यंत ठेवायची आपली रीत आहे. त्याच्या आधी मोडत नाहीत. आणि पायऱ्या मी धुणार नाही. रंग कारखान्याचा आहे आणि पाय ज्याचे त्याचे.”

“हा किल्ला नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं,” सचिव म्हणाले. हा मुद्दा बिनतोड होता. 

उत्तर ताईंनी दिलं. “भाऊ, ज्याच्यासाठी एवढी लढाई होई राहिली, त्याला किल्लाच म्हणतात.”

कोणी हसलं नाही, म्हणजे साहेबांसमोर नाही. ते लाल पावलांनी गाडीपर्यंत गेले आणि गाडीत बसताना पाय आत घ्यावेत की बाहेर ठेवावेत यावर थोडा वेळ थांबले.

पाडव्याला वसाहतभर घासणं चाललं. लिंबू, सोडा, रॉकेल, जे ज्याला सुचेल ते. फरशी निघाली, पाय निघेनात. पाडव्याला नवऱ्याला ओवाळताना प्रत्येक घरात पाटावर लाल पाय. मला शिव्या बसल्या असणार, पण गंमत अशी की जे आदल्या दिवशी आले नव्हते ते सगळे त्या दिवशी आले. खोलीत जाऊन यायचं आणि मग कुंपणापाशी जाऊन खरा नाला बघायचा, असा क्रमच लागला. सहा वर्षांत कुंपणापाशी इतकी माणसं मी पाहिली नव्हती. पाड्यावरच्या बायकाही आल्या. पहारेकरी आधी आत सोडेना, तर ताईंनी त्यालाच खोलीत नेऊन नाल्यातून काढला. नंतर त्याने कोणाला अडवलं नाही.

भाऊबीजेला कंपनीचे माळी खोली मोकळी करायला आले. मी दारातून उठले नाही. “ओवाळून झालं की या,” म्हटलं. ते शेजारी बसून बिड्या ओढत राहिले. सचिव पुण्याहून आलेल्या बहिणीला घेऊन आले होते. आपले पाय असे का, हे त्यांना घरी समजावता आलं नव्हतं म्हणे. माझ्याशी ते बोलले नाहीत. बहिणीला म्हणाले, “चपला इथे काढ.”

आता शेवट. नाला स्वच्छ झाला असं सांगायला मला आवडलं असतं, आणि धाकटी जाऊ तसं सांगतेही. झाला नाही. आम्ही तिथे होतो तोवर तो आपल्या रंगांनी वाहत होता. सायलीची जागा दुसऱ्याला मिळाली. नवऱ्याची रात्रपाळी आणखी कितीतरी वर्षं चालली. “बायकोच्या किल्ल्यापायी बढती गमावलेला महाराष्ट्रातला मी एकटाच,” असं तो पाहुण्यांना सांगतो, आणि हे मात्र तो चार वाक्यांत सांगतो. पहिलं बक्षीस सिंहगडाला गेलं. कोणत्या, ते आठवत नाही. मंडळाने पुढच्या वर्षापासून नियम केला की किल्ला इमारतीबाहेरच असावा, किल्लाच असावा आणि सुताचा नसावा. सायकलींच्या खोलीला कुलूप लागलं.

पुढच्या वर्षी मी नाला आमच्या स्वयंपाकघरात केला. ओट्यापासून मागच्या दारापर्यंत. येणाऱ्याला चहा हवा असेल तर तो ओलांडूनच यावं लागायचं, आणि वसाहतीत आमच्याकडच्या चहाला नाही म्हणणारं कोणी नव्हतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नवरा जेवताना म्हणाला, “या वेळी हिरवा चालेल का? लाल सध्या निघत नाहीये.”

मी म्हटलं, जो असेल तो आणा.